हिर्लेकर सरांचे तीन सेकंद

गुरुदत्त हिर्लेकर पनवेलच्या एका कॉलेजचे क्रीडा संचालक होते असं सांगितलं की परगावच्या माणसाला वाटतं, मोठी केबिन असेल, दाराशी शिपाई असेल. केबिन होती. ती जिन्याखाली होती. आत उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून सर एक तर बसलेले असायचे नाही तर थेट मैदानावर. शिपायाचं कामही तेच करायचे, फक्त त्याचा पगार मिळायचा नाही.

मी त्यांचा शेजारी. एका मजल्यावर, समोरासमोर दारं, एकवीस वर्षं. त्यात माझं झेरॉक्सचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर. सरांच्या घरी काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं आणि कॉलेजात काय शिजतंय ते कागदावरून. दोन्हींत थोडं मीठमसाला घालून गावभर वाढायचं काम मी कुणी न नेमता करत आलो. सरांच्या बायकोनं, अरुंधतीवहिनींनी, माझं नावच आकाशवाणी ठेवलंय. मी घरात शिरलो की म्हणतात, "आकाशवाणी आली. बातम्या ऐकून घ्या, चहा नंतर."

सर मूळचे अलिबागकडचे. तरुणपणी आठशे मीटर पळायचे. त्यांच्या प्रशिक्षकांना मुलांचं मन राखायची भारी हौस. सरांना ते सांगत राहिले, तू एक-चोपन्नमध्ये पळतोस. सर त्या चोपन्नच्या जोरावर छाती काढून राष्ट्रीय स्पर्धेला गेले आणि एक-अठ्ठावन्नला शेवटचे आले. बाकीची मुलं कपडे बदलून बसली होती, एवढं ते रंगवून सांगायचे, पण हसायचे नाहीत. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं म्हणे, आपण कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं नाही.

ते कॉलेजात लागले तेव्हा अॅथलेटिक्सच्या संघात चार मुलं होती. दोन पळायची, दोन त्यांच्या चपला सांभाळायची. सरांनी सायकल काढली आणि उरणच्या किनाऱ्यापासून शिरढोणपर्यंत गावं पालथी घातली. कोण पोरगी जेट्टीवरून टोपली घेऊन पळते, कोण एसटीमागे धावून ती गाठते, यावर त्यांची नजर. घरोघरी बसून बोंबील खाल्ले, आज्यांची बोलणी खाल्ली. "पोरगी चड्डी घालून पलणार?" असं एका आजीनं विचारल्यावर सरांनी सगळ्या मुलींसाठी पायघोळ पँटी शिवून घेतल्या. शिंप्यानं त्या इतक्या ढगळ शिवल्या की पहिल्या वर्षी आमच्या मुली पळताना शिडाच्या होड्या दिसायच्या. पण पळाल्या. पुढे त्यांतल्या काही पोलिसात गेल्या, काही रेल्वेत, दोघी शाळांत शिकवतात.

एकदा संस्थेनं लग्नसराईत अर्धं मैदान मंडपाला द्यायचं ठरवलं. खांब रोवायला माणसं आली. सरांनी त्यांना पाणी पाजलं, त्यांच्याच टेपनं धावपट्टी मोजून घेतली, तासभर रेषांवर पांढरी फक्की मारून घेतली आणि मग म्हणाले, "आता बघा, रेषेच्या आत खांब बसतोय का कुठे?" माणसं साहित्य उचलून गेली. त्या मैदानाच्या जोरावर नऊ वेळा विभागाची ढाल आमच्याकडे आली. सगळीकडे बोललं जायचं, हिर्लेकरांची पोरं ऐन दिवशी फुलतात. सरावात जेमतेम, पण स्पर्धेत दोन-तीन सेकंद कुठून तरी काढतात.

ते कुठून काढतात, हे मला ठाऊक होतं.

फार वर्षांपूर्वी एक मुलगी दुकानात रडवेली होऊन आली. चारशे मीटर, पासष्ट सेकंद, अजून खूप कमी पडतेय वगैरे. तासाभरानं सर तिचाच स्पर्धेचा अर्ज झेरॉक्सला घेऊन आले. त्यावर त्रेसष्ट पूर्णांक पाच. मी म्हणालो, "सर, पेन घसरलं वाटतं." सरांनी इकडेतिकडे पाहिलं, माझं शटर स्वतःच्या हातानं अर्धं खाली ओढलं आणि सांगितलं. शंभर मीटरला अर्धा सेकंद, चारशेला दीड, आठशेला तीन. मुलांना सांगताना एवढे वाढवून सांगायचे. कागदावर मात्र खरा आकडा, त्यात कधी हात आखडला नाही की सैल सोडला नाही. एका वहीत सगळे खरे आकडे तारखेनिशी.

"पोरं पोटतिडकीनं पळतात, बाळूशेठ. आणि स्पर्धेत खरा आकडा बघून वेडी होतात. तोंडावर सांगायचं तेवढं कमी सांगायचं."

"कमी कुठे, जास्त सांगता."

"तेच ते. तुम्ही मात्र कुठे बोलू नका."

आणि खरं सांगतो, मी बोललो नाही. ज्याच्या पोटात गावातली एकही सोयरीक टिकली नाही, त्यानं ही एक गोष्ट जपली. मला त्यात मजा यायची. मुलं माझ्या दुकानाबाहेर तोंड पाडून उभी असायची आणि मी मनात म्हणायचो, रड बाळा, तुला काय माहीत तू कोण आहेस ते.

कोमल तीन वर्षांपूर्वी आली. उरणजवळच्या मोरा बंदरावरच्या काशिरामची मुलगी. काशिरामची स्वतःची होडी, घरात म्हातारी आई गोदूबाई, ही एकच पोर. सकाळच्या सरावाला मोऱ्याहून पोचणं अशक्य, म्हणून ती रोडपालीला मावशीकडे राहायची. बारीक, काळीसावळी, बोलायला फटकळ. एकदा मी म्हटलं, "कोमल, हळू पळ गं, फक्की उडते माझ्या कागदांवर." तर म्हणाली, "मग कागद घेऊन तुम्ही पण पळा, काका. पोट कमी होईल."

सर तिच्यावर खूश होते. म्हणजे तिला तसं कधी कळू दिलं नाही. घरी येऊन मला सांगायचे.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. विद्यापीठाचं निवड शिबिर होतं आणि आठशेला मुलींसाठी पात्रता दोन मिनिटं वीस सेकंद. तिकडे काशिरामकडे करंजा बंदरावरचं स्थळ आलेलं. मुलाच्या दोन होड्या, घर चांगलं, घाई होती. कोमल हटून बसली, शिबिराला जायचंच. काशिराम काही दुष्ट माणूस नाही. त्यानं पोरीशी व्यवहार केला. रविवारी मैदानावर मी सोता येतो. दोन-वीसच्या आत आलीस तर स्थळाला नाय सांगतो, दोन वर्सं लगनाचं नाव काढणार नाय. नाय आलीस तर सोमवारी गुमान साखरपुड्याला बसायचं. कोमलनं हो म्हटलं.

आणि हे तिनं सरांपासून लपवलं. फक्त मोनालीला, तिच्याबरोबर पळणाऱ्या मैत्रिणीला, सांगितलं आणि शपथ घातली. का, तर सरांना कळलं तर त्यांना दया येईल आणि ते मुद्दाम चांगला टाईम सांगतील. तिला तसलं जिंकायचं नव्हतं.

तो रविवार मी पाहिला. सरांना शिबिराचे कोरे अर्ज द्यायला म्हणून गेलो आणि कठड्यावर बसून राहिलो. काशिराम फाटकाशी उभा. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. सर म्हणाले, "या, या, बसा." तो म्हणाला, "उभाच बरा हाय." सरांना वाटलं, बाप कौतुकानं आलाय.

आमची धावपट्टी दोनशेची, म्हणजे चार फेऱ्या. दोन फेऱ्या मोनाली पुढे राहिली, मग बाजूला झाली. तिसरीला कोमलचं तोंड उघडं पडलं. चौथीला ती माझ्यासमोरून गेली तेव्हा तिच्या घशातून आवाज येत होता, लोहाराच्या भात्यासारखा. रेषा ओलांडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. मी सरांच्या खांद्याशी होतो. घड्याळ मी स्वतः वाचलं. दोन-एकोणीस आणि वर थोडं.

"सर?"

"दोन-बावीस," सर म्हणाले. तीस वर्षांची जीभ ती, विचारायला थांबलीच नाही.

"नक्की?"

"दोन-बावीस. शेवटच्या दोनशेला खांदे वर जातात तुझे. उद्या बोलू."

कोमलनं बापाकडे पाहिलं. काशिराम सावकाश चालत आला, तिची बॅग उचलली आणि एवढंच म्हणाला, "चल बाय." मोनाली रडायला लागली तेव्हा सर तिच्यावर खेकसले, "तुला काय झालं? पळाली ती आणि दमलीस तू?" मीही हसलो.

संध्याकाळी सर माझ्या दारात, हातात वहिनींनी दिलेले चकलीचे तुकडे. "एकोणीस काढलं पोरीनं, बाळूशेठ! उद्या चिडून येईल बघा, अठरा काढेल." अर्जावर त्यांनी खरा आकडा लिहिला होता. मी दुकान उघडून झेरॉक्स काढून दिली.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला कोमल दुकानात आली. परीक्षेचा अर्ज होता. मी विचारलं, "काय गं, तोंड का एवढंसं?"

"दोन-बावीस, काका."

"होईल गं. पुढच्या वेळी होईल."

"पुढची वेळ नाय," ती म्हणाली.

मला वाटलं, नेहमीचं रडगाणं. सरांनी भरलेल्या अर्जाची एक प्रत तिथेच खणात होती, तिच्यापासून दोन हातांवर. मी खण उघडलासुद्धा, सुट्टे पैसे काढायला. उघडला आणि लावला. साखरपुडा दुपारी चारला होता. तिच्याकडे सात तास होते आणि मला तेवढ्यात एकच वाक्य बोलायचं होतं.

बुधवारपर्यंत ती मैदानावर आली नाही तेव्हा मोनालीनं सरांना सगळं सांगितलं. शपथ मोडल्याबद्दल ती आधी माफी मागत होती म्हणे. सर तसेच दुकानात आले. उभे राहिले. मग म्हणाले, "मोऱ्याला चला." मी शटर ओढलं.

उरणपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. सगळ्या वाटेत ते एकदाच बोलले. "दया केली असती तर बरं झालं असतं, नाही?"

काशिराम अंगणात जाळं सांधत होता. उठला, हात पुसले, खुर्च्या मागवल्या. गोदूबाईनं चहा ठेवला आणि आतूनच ओरडली, "कोमल, तुजे सर आयलं." कोमल दारात येऊन उभी राहिली. हातात हिरव्या बांगड्या.

सरांनी पाल्हाळ लावलं नाही. मी खोटं सांगितलं, तिचा टाईम दोन-एकोणीस होता, मी सगळ्यांनाच वाढवून सांगतो, चूक माझी. वही काढून पुढे धरली.

काशिरामनं वही घेतली नाही. "सर, रविवारी तुमी बावीस बोललात."

"हो."

"आज एकोणीस बोलता."

"हो."

"मंग यातलं खोटं कंचं? तेवडं सांगा."

"रविवारचं. वही बघा ना. तारीख आहे."

"लिवलंय कोनी? तुमीच ना?" त्याचा आवाज चढला नव्हता. "पोरीची कीव आली तुमाला. मोटं मन हाय तुमचं. पन असं नका करू."

मी पुढे झालो. "काशिरामभाऊ, मी घड्याळ बघितलंय. माझ्या डोळ्यांनी. एकोणीसच होते."

काशिराम माझ्याकडे बघून हसला. "बाळूशेठ, तुमी? कोलीवाड्यापर्यंत नाव हाय तुमचं. तुमच्या तोंडातली किती गोष्ट खरी मानायची?"

हे मी आयुष्यभर कमावलेलं. तिथे भरून पावलो.

सर म्हणाले, "येत्या रविवारी तुम्ही या. घड्याळ तुम्ही धरा. मी हातसुद्धा लावणार नाही. अर्ज मी पाठवलाय, अजून वेळ गेलेली नाही."

काशिराम थांबला. तो विचार करत होता, हे मी शपथेवर सांगतो. पण गोदूबाई चहा घेऊन बाहेर आली होती. "चार मानसांत कुकू लागलाय, सर. करंज्याच्या लोकांना काय सांगू? घड्याल चुकला?"

मग कोमल बोलली. सगळ्यांत आधी तिनं विचारलं, "सर, तीन वर्षं रोज?"

"रोज."

"मी दोन-तीस म्हणून रात्रभर रडले होते, सेकंड इयरला. तेव्हा?"

सरांनी वही उघडली, पानं चाळली. "सत्तावीस."

"आणि मावशीला मी सांगितलं होतं, माझ्यात काही नाही, सोडते. तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, तू चिडून..."

"चिडत नव्हते, सर. मला खरं वाटत होतं."

सर म्हणाले, "रविवारी ये. एकदा. बाबांच्या हातात घड्याळ."

तिनं मान हलवली. "आता बाबा एकोणीस बोलले तरी मला वाटेल, तुम्ही त्यांना शिकवून ठेवलंय. मी काय पळते तेच मला कळत नाय आता. नाय येणार."

काशिरामनं आमचा चहा संपेपर्यंत वाट पाहिली आणि रिक्षापर्यंत पोचवायला आला. निघताना वाटा लावून पापलेटं दिली. सर नको नको म्हणत होते, त्यानं पिशवी हातात कोंबलीच. पाहुण्याला रिकामं पाठवत नाहीत तिथे. वहिनींनी ती दुसऱ्या दिवशी तळली. सर जेवले नाहीत.

गुरुवारी सरांनी सगळ्या मुलांना मैदानात गोल बसवलं आणि सांगून टाकलं. शंभरला अर्धा, चारशेला दीड, आठशेला तीन. मुलांनी आधी टाळ्या वाजवल्या. काहींनी शिट्ट्या मारल्या, सर भारीच की. मोनाली तेवढी उठून उभी राहिली. "सर, आजपासून आम्ही एकमेकींचा टाईम लावू. चालेल?" सरांनी गळ्यातलं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं.

बातमी पसरायला या वेळी माझी गरज लागली नाही. जुनी मुलं यायला लागली. जिन्यावर पावलं वाजली की मला दारातून दिसायचं, कोण टक्कल पडलेलं, कोण पोराला कडेवर घेतलेलं. सगळ्यांचं एकच, सर, माझा खरा किती होता? पोलिसातली एक हवालदार मोठ्यानं हसत गेली, "सर, तुमच्यामुळेच वर्दी आली!" सरांना त्या संध्याकाळी जरा घास गेला.

मग परेश आला. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा शंभर मीटरवाला. आता कळंबोलीत बापाच्या ट्रकांचा धंदा बघतो, अंगानं सुटलाय. त्याला तेव्हा विभागाच्या संघात जायला अकरा-दोन हवे होते. तो अकरा-पाचवर अडकला आणि निवडीच्या चाचणीला गेलाच नाही, धंद्यात बसला. सरांनी त्याला तेव्हा शोधलंही होतं, फोन केले होते, पण तो गावालाच निघून गेलेला. सरांनी वही काढली, पान सापडलं, आणि त्यांनी ते मिटलं.

"सांगा ना सर. आता काय फरक पडतो?"

"अकरा पूर्ण."

परेश सोफ्यावर बसला होता, बसूनच राहिला. मग म्हणाला, "माझा पोरगा नऊ वर्षांचा आहे. मी त्याला सांगत असतो, बाबा थोडक्यात राहिला. थोडक्यात. गमतीनं सांगतो." वहिनी पाणी घेऊन आल्या, त्यानं घेतलं नाही. जाताना पाया पडला. सर पाय मागे घ्यायला गेले, पण त्यांना जमलं नाही.

त्यानंतरही सर येणाऱ्या प्रत्येकाला खरा आकडा सांगत राहिले. मी म्हणालो, वही जाळून टाका, हरवली म्हणा. म्हणाले, "तेवढीच एक गोष्ट खरी ठेवली आहे, बाळूशेठ. ती कुठे टाकू?"

मार्गशीर्षात कोमलचं लग्न झालं. आम्ही गेलो. काशिरामनं सरांना पुढच्या रांगेत बसवलं, फेटा बांधला. शिबिरासाठी निवड झाल्याचं विद्यापीठाचं पत्र तोवर आलं होतं. खरा आकडा पाहून निवडलेलं. सरांनी ते खिशात आणलं होतं. पंगतीच्या वेळी बघितलं, तर खिशावर हात ठेवून बसलेले. दिलं नाही. परत घरी आणलं.

जानेवारीत विद्यापीठाची स्पर्धा झाली. मोनाली तिसरी आली. ढाल दुसरीकडे गेली. आठवड्याभरानं दुपारी मी सरांकडे बसलो होतो आणि फोन वाजला. सरांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात, आणि मला ते सोयीचं पडतं. कोमल होती. करंज्याच्या बंदरावरून बोलत होती. मागे गलका, बर्फ फोडल्याचा आवाज. बरी आहे म्हणाली. सासू चांगली आहे, बीएच्या परीक्षेला बसवणार आहे.

मग म्हणाली, "सर, आठशे कितीला गेली?"

मी सरांसमोर बसलो होतो. मी दोन बोटं दाखवली, मग एक आणि पाच. दोन-पंधरा सांगा. पोरीला बरं वाटेल. एवढी वेगवान मुलगी आली होती म्हणा, आपण असतो तरी काही झालं नसतं, असं वाटून झोप तरी लागेल तिला. मी बोटं हलवत होतो, डोळ्यांनी विनवत होतो. सरांनी माझ्या बोटांकडे पाहिलं.

"दोन-एकवीस," ते म्हणाले.

पलीकडे बर्फ फुटत राहिला.

"पहिली?"

"पहिली."

"म्हणजे मी..."

"हो. पहिली आली असतीस."

तिनं काहीतरी म्हटलं, ते गलक्यात गेलं. सर फोनवर वाकले, "काय? काय म्हणालीस?"

"काय नाय, सर. लिलाव सुरू झाला. ठेवते."

तिनं ठेवला. सरांनी ठेवला नाही. फोन हातात तसाच धरून बसले. वहिनी आतून विचारत राहिल्या, कुणाचा होता, कुणाचा होता. मला उत्तर माहीत होतं, तरी मी बोललो नाही.